आर्लीनचा चुकलेला नेम

बंदूक धरायला आमच्या आर्लीनला मी शिकवलं, असं मी चारचौघांत सांगतो. ती शेजारी उभी असली की जरा हळू सांगतो.

सात वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात नाताळानंतरच्या हरणांच्या शिकारीला कायद्यानं चकमकीची ठासणीची बंदूक लागते, आणि ती खांद्यावर टाकून गुडघाभर बर्फातून चढायचं म्हणजे चेष्टा नाही. आमच्या शिकारी मंडळाचा डोंगरात कॅम्प आहे, लाकडी घराचा; तिथली माझी जागा रिकामी राहू नये म्हणून बायकोला म्हटलं, या वर्षापुरती तू जा. ती गेली आणि पहिल्याच दिवशी हरीण घेऊन आली. तेव्हापासून शिकार ती करते. मी कॅम्पातल्या चुलीपाशी बसून डुकराचं मटण आणि आंबवलेली कोबी शिजवतो. आणि ती येऊन वर मलाच विचारते, "हार्लन, मीठ घातलंस का रे?"

कॅम्पातला आमचा जोडीदार मर्विन पहाटे उठतो, अख्खा डोंगर तुडवतो आणि दुपारी परत येऊन हरणांच्या नावानं बोटं मोडतो. आर्लीन आरामात नऊला उठते. "महिनाभर गोळ्यांचे आवाज ऐकून हरणं शहाणी झालीत," म्हणते. "आता ती फक्त पोटासाठी बाहेर पडणार." म्हणून कापलेल्या मक्याच्या शेताच्या वर, हेमलॉकच्या झाडांच्या दाटीत, वारा तोंडावर घेऊन ती दुपारपासून बसते. चकमकीवर मेण लावलेली चामड्याची टोपी. ठिणगी धरणारी चिमूटभर दारू दर तासाला नवी. संध्याकाळी बंदूक पडवीतच ठेवते, कारण उबेत आणली की आतून ओल धरते. हे सगळं मीही करायचो हो. फक्त मला हरीण मिळायचं नाही.

पुरावा भिंतीवर आहे. आमच्या कॅम्पात नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाची मागची पट्टी कात्रीनं कापतात, तिच्यावर नाव आणि तारीख लिहितात आणि खिळ्यानं ठोकतात. माझ्या नऊ आहेत. मर्विनच्या अकरा. कात्री सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या एलवूडच्यासुद्धा सहा. आर्लीनची एकही नाही, आणि हेच तिचं दुखणं होतं. कॅम्पात नावं लिहिलेली असतात ती तेवढ्या भिंतीवरच. एकदा तिनं एलवूडला सरळ विचारलं, "मी इथली सभासद आहे की नाही?" तो म्हणाला, "जागा हार्लनची आहे गं, तू सांभाळतेस." त्या दिवशी घरी येईपर्यंत गाडी तिनं सुसाट हाणली.

यंदा हंगामाच्या शेवटच्या शनिवारी दुपारी वरून एकच बार ऐकू आला. "झालं! बाईसाहेबांनी पाडलं," मर्विन कुरकुरला आणि सुरी शोधायला लागला. पण आर्लीन तासाभरानं आली ती रिकाम्या हातानं, नाक लाल, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"तीस पावलांवर मादी होती," ती म्हणाली. "चुकले. रक्त नाही, केस नाही. लांबपर्यंत माग काढला, धडधाकट पळालीय."

मग मर्विन म्हणाला, "दारू ओली झाली असेल."

"असेलच," मी घाईनं म्हणालो. "सकाळपासून किती दमट आहे!"

आमच्याकडे ओल्या दारूला माफी असते. मर्विनच्या दारूइतकी ओली दारू अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

"दारू कोरडी ठणठणीत होती," आर्लीन म्हणाली. "नेम चुकला. कात्री कुठाय?"

एलवूड खुर्चीतून उठला नाही. "जाऊ दे पोरी. बाईमाणसाचा शर्ट काय कापायचा!"

"सात वर्षं लाकडं मी फोडते, भांडी मी घासते, तुमची हरणं उतारावरून ओढायला मी लागते. तेव्हा नाही आठवत बाईमाणूस?" तिचा आवाज चढला होता आणि मला भीती वाटली, आता ही रडणार. रडली नाही. पाठ फिरवून तिनं पँटमधून शर्ट ओढून काढला आणि म्हणाली, "हार्लन, तू काप."

शर्ट माझा होता. लाल-काळ्या चौकटीचा, लोकरीचा, माझा एकुलता एक चांगला. म्हणून कात्री वाकडी चालतेय असं मी म्हटलं, पण तसं नव्हतं.

"सरळ काप रे," ती म्हणाली. "निदान हे तरी."

एलवूडनं पेन्सिल काढून 'हार्लनची बायको' एवढं लिहिलं. आर्लीननं पेन्सिल त्याच्या हातातून घेतली, ते खोडलं आणि स्वतःचं अख्खं नाव ठसठशीत लिहिलं. खिळाही तिनंच ठोकला. मर्विननं टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मी कोबी करपवली.

एलवूड कात्री जागेवर ठेवून आला. मग घसा खाकरून म्हणाला, "सभासदांची बैठक नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते. जेवण झाल्यावर. ये."

"बैठक असते?" आर्लीननं विचारलं, आणि माझ्याकडे वळून बघितलं.

सात वर्षं तिला न सांगता त्या बैठकीला मी जात होतो.