शिलकाटोला

मनकर्णा रेजा होती, बांधकामावरची मजूर बाई. डोक्यावर लुगड्याच्या चिंधीची चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत विटा. भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा रशियाच्या मदतीनं उभा होऊन राहिला होता. कोळसा भाजायच्या भट्ट्यांना लागणाऱ्या पांढऱ्या विटा टिनाच्या शेडमध्ये रचलेल्या असत, आणि शेडपासून भट्टीपर्यंत त्या वाहायचं काम बायांचं. मनकर्णा साकोलीकडची, धानाच्या बांध्यांतली. नवरा साप चावून मेला. दिरांनी हाकललं तशी तिनं गोंदियाहून गाडी धरली आणि भिलाईत उतरली.

त्या विटेचं खरं नाव सिलिका. बायांच्या तोंडात त्याची शिलका झाली.

विटांवर मुकादम बाबुलाल. ठेकेदाराचा माणूस, दुर्गचा. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात बांबूची कमटी. हातोडीनं तो एकेक वीट वाजवून पाही. ठण्ण वाजली तर भट्टीत लावायची. भद्द वाजली तर आतून तडकलेली, फेकायची. आणि जिच्या पाटीत भद्द वाजली तिच्या पोटऱ्यांवर कमटी. वीट रशियात तडकली का जहाजात, हे त्याला कोण विचारते. बाई बोंबलली की मात्र तो थांबायचा. तेवढं ऐकलं की त्याचं पोट भरायचं. म्हणून जुन्या बाया पहिल्याच फटक्याला गळा काढत, अर्धं खरं, अर्धं नाटक.

रशियानं आभाळात नवा तारा सोडल्याची गोठ तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होती. स्टोअरचे कारकून दयाराम बाबू नागपूरचे, मराठी पेपर वाचणारे. मनकर्णानं त्यांना विचारलं, "बाबू, वर माणसं राह्यतात का?"

"कोनाले ठाऊक," बाबू म्हणाले. "आपलं अंग कोळशाच्या जातीचं. एखाद्या ताऱ्यावर या विटेच्या जातीचं अंग असलेले जीव असतीन, असं म्हंतात शहाणे."

झालं. बाबू पेपरात शिरले आणि मनकर्णाला एक अख्खं गाव सापडलं. तिनं त्याला नाव दिलं शिलकाटोला. आपल्याकडे जशी तेल्यांची वस्ती तेलीटोला, तसा आभाळात शिलकाटोला.

दुपारी भाकर खाताना ती सांगायची. तिथली जमीन भट्टीवानी लाल. नदीतून वितळलेला गोटा वाह्यते. माणसं जाळ खातात. तिथं पाणी म्हणजे जहर, तापल्या अंगावर एक थेंब पडला का माणूस उभा चिरते. पोर पोटातून येत नाही, माय आपल्या कमरेचा टवका हातोडीनं पाडते आणि तो टवका रांगू लागते. प्रत्येकाच्या अंगावर आपल्या गोंदणासारखा नंबर कोरलेला. मेल्यावर तुकडे रस्त्यात टाकतात आणि वरून बाकीचे चालतात.

"आन् या विटा?" सोबतची रेजा भागीरथा विचारायची.

"मुडदेच ना वो. विटेवरचा नंबर नाई का दिसत तुले?"

त्या गावचा राजा टोंगळ्या. रोज लोकांना रांगेत उभं करायचा, हातोडीनं छातीवर ठोकायचा आणि कान लावायचा. ठण्ण वाजला तो जगला. भद्द वाजला त्याचा तिथंच चुरा. म्हणून तिथले लोक कितीही ठोकलं तरी हूं म्हणून करत नसत. जो ओरडला तो तडकलेला. राजा कान लावायच्या आधी डाव्या बाजूला पिचकारी मारायचा, थेट बाबुलालसारखा, आणि बाया भाकर नाकात जाईपर्यंत हसायच्या. मग कोणी पाय दुखते म्हटलं की दुसरी टोमणा मारी, "पाहा वो, इची भद्द वाजली."

रुक्मा हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकायची. नवऱ्यानं टाकलेली, तुमसरकडची, कारखान्यावर नवी. मनकर्णाच्याच खोपटात राहायची. तिला त्या गोठीत हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

एका दुपारी रुक्माच्या पाटीतली वीट निसटली आणि बाबुलालच्या पायापाशी फुटली. त्यानं कमटी चालवली. रुक्मा उभी राहिली. दुसरी, तिसरी. पोटऱ्यांची साल निघाली, रक्त पैंजणावर आलं. तिच्या तोंडून आवाज नाही.

"रोती क्यों नहीं?" बाबुलाल म्हणाला. त्याला खरंच उमगत नव्हतं. बाई रडली नाही तर हात थांबवायचा कुठं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

कमटी चिरली तशी ती फेकून त्यानं हातोडी उलटी धरली आणि दांड्यानं पाठीत घातले. रुक्मा खाली बसली. बायांनी पाट्या उतरवल्या, पण पुढे कोणी गेलं नाही.

"रड वो रुक्मे," मनकर्णा म्हणाली. "रडली का सोडते थो."

रुक्मानं ओठ दातानं फाडला होता. हनुवटीवरून रक्त गळून राहिलं होतं. "मी भद्द नाई वाजत," ती म्हणाली.

"अवो, ते झूट होतं. म्याच बनवलं. रड ना वो माय."

रुक्मानं डोकं वाचवायला हात वर केला आणि दांडा हातावर बसला. कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज शेडभर गेला. तरी ती गप्प. बाबुलालनं हातोडी सुलटी फिरवली. आता लोखंड पुढे होतं.

मनकर्णानं पाटीतली वीट उचलली, दोन्ही हातांनी, आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. वाटी आत गेली. तो पडला तसा असा बोंबलला की भट्टीवरचे मिस्त्री वाकून पाहू लागले. तिनं वीट पुन्हा उचलली आणि हातोडी धरलेल्या पंज्यावर मारली. बोटांचा लगदा झाला. तिसऱ्यांदा डोक्यावर उचलली तेव्हा भागीरथानं मागून तिची कंबर धरली.

"मरीन थो. फाशी होईन तुले."

मनकर्णानं वीट खाली ठेवली. बाबुलाल मायला हाक मारून राहिला होता. ते ऐकून रुक्माचं तोंड वाकडं झालं आणि ती रडू लागली, मोठ्यानं, कोणाच्यानं थांबवेना अशी.

रशियन साहेबांपर्यंत बोंब जाऊ नये म्हणून ठेकेदारानं प्रकरण दाबलं. बाबुलाल दुर्गला गेला, काठीवर. दोघी बायांचं खोपट त्याच संध्याकाळी मोडून टाकलं. त्या जवळच्या जुनवानी गावाला गेल्या, एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून पाल ठोकलं. मनकर्णा धान निंदायला जाऊ लागली. रुक्माचा हात वैदूनं बांधला, तो वाकडाच जुळला. बोटं मिटत नव्हती.

महिनाभर रुक्मा तिच्याशी बोलली नाही. मनकर्णा भाकर मोडून समोर ठेवायची, ती डाव्या हातानं खायची.

एका सकाळी रुक्मा पाठ करून तिच्यासमोर येऊन बसली. केसांचा गुंता झाला होता.

"अंबाडा बांधून दे," ती म्हणाली. "पन मुकाट्यानं बांध. गोठ सांगू नको."

मनकर्णानं फणी घेतली.