जे आधी होईल ते

सगळी वस्ती तिला सुईमावशी म्हणायची. सकाळी सहापासून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि अकराच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. तिची चाहूल लागली की पोरं पलंगाखाली शिरत. दारात मावणार नाहीत असे आडदांड बापे "आज जरा कसंसंच होतंय हो मावशी, उद्या जमेल का?" म्हणून घाम पुसत. तिचा हात मात्र असा हलका, की सुई गेली कधी आणि निघाली कधी, पत्ता लागायचा नाही.

आणि ही बाई स्वतःच्या गाडीला टरकून होती.

गाडी काही खटारा नव्हती. पंधरा महिन्यांपूर्वी घेतलेली, करकरीत नवी. पण चालता चालता ती मरायची. आधी समोरचे सगळे दिवे एकदम लागायचे, मग इंजिन गप्प व्हायचं. स्टिअरिंग दगड व्हायचं आणि ब्रेक पायाखाली लाकडासारखा ताठ. दहा मिनिटांनी चावी फिरवली की बाईसाहेब पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. पहिल्यांदा हे एका रिकाम्या गल्लीत झालं. दुसऱ्यांदा सिग्नलला, तेव्हा मागच्यानं तिच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तिसऱ्यांदा उड्डाणपुलाच्या उतारावर. मागे ट्रक होता. त्याचा हॉर्न तिच्या पाठीच्या मणक्यातून वर गेला आणि डोक्यात जाऊन बसला. तिनं अंगातलं सगळं बळ लावून स्टिअरिंग वळवलं आणि गाडी कठड्याला टेकवली. ट्रक वीतभर अंतरानं गेला. गाडीतल्या नळ्या कितीतरी वेळ किणकिणत होत्या. गाडी तर थांबली होती. मग किणकिणतंय कसं, म्हणून तिनं पाहिलं, तर मागचा डबा तिनंच कधीतरी उचलून मांडीवर घेतला होता.

तिन्ही वेळा ती सर्व्हिस सेंटरला गेली. तिथला सल्लागार म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि लोण्याची जीभ.

"म्याडम, टेन्शन नका घेऊ! गाडी एकदम मख्खन आहे. मी स्वतः राउंड मारली ना!"

"अहो, पण ती गरम झाली की, ट्रॅफिकमध्ये..."

"होतं म्याडम, नवीन गाडीला होतं. सेट व्हायला वेळ लागतो. इथं एक सही करा. आणि हां, इथं पण."

ती सही करायची. गाडी तिथं पाहुण्यांसमोरच्या शहाण्या पोरासारखी वागायची, त्यामुळे तिला आपणच चहाड्या करतोय असं वाटायचं.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. गाडी चालवता येत नसल्यामुळे गाडीतलं त्याला सगळं कळायचं. "क्लच अर्धवट सोडत असशील तू," तो पेपर तपासता तपासता म्हणायचा. "आणि वॉरंटी दोन वर्षांची आहे. अजून नऊ महिने आहेत की! घाई काय आहे?"

घाई तिच्या पोटात होती. पुलाचा रस्ता तिनं सोडला. चढ-उतार टाळून गल्लीबोळातून ती फिरायची आणि उन्हातसुद्धा काच उघडी ठेवायची, म्हणजे वेळ आली तर निदान ओरडता येईल. सहा नमुन्यांच्या फेरीला आता नऊ नमुन्यांचा वेळ लागायचा. हे सगळं तिनं चालवून घेतलं. पण एका सकाळी एका म्हातारीचा दंड बांधला, नस बोटाखाली घेतली, सुई उचलली, आणि सुईचं टोक हललं. इतकंसं. म्हातारीला कळलंही नाही. सुईमावशीनं सुई खाली ठेवली, "पाणी पिऊन येते हं आजी," म्हणाली आणि मोरीत जाऊन आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून उभी राहिली. गाडीतली भीती आता गाडीबाहेर उतरली होती. हात गेला तर सगळंच गेलं.

त्याच सकाळचं पुढचं घर एका निवृत्त कारकुनाचं होतं. पस्तीस वर्षं ग्राहक न्यायालयात घालवलेला माणूस. सुईला इतका भ्यायचा की बाही वर केल्यापासून कापूस लावेपर्यंत तोंड बंद ठेवायचा नाही. बोलायचं थांबलं तर आपण बेशुद्ध पडू, अशी त्याची पक्की समजूत होती.

"बोला, बोला, काहीतरी बोला तुम्ही!" डोळे मिटून तो ओरडला. "हवापाणी कसं आहे? मुलं काय करतात? गाडी कशी आहे?"

"मरतेय," ती म्हणाली आणि तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

कारकुनानं एक डोळा उघडला. "तीनदा गेलात? मग कागदावर काय लिहिलंय?"

कागद गाडीत होते. रक्त घेऊन झाल्यावर ती ते घेऊन आली. कारकुनानं चष्मा लावला आणि कोर्टातल्या पुकाऱ्यासारखा आवाज काढून वाचलं, "सर्वसाधारण तपासणी. दोष आढळला नाही. ग्राहक समाधानी." पुढचा कागद. "सर्वसाधारण तपासणी. दोष आढळला नाही. ग्राहक समाधानी! फार समाधानी आहात हो तुम्ही!"

तिसरा कागद तिनं स्वतः उलटला, तर तेच. चिठ्ठी नसलेली नळी तिनं जन्मात कुणाला दिली नव्हती. नाव आणि वेळ रोग्याच्या उशाशी बसून लिहायची. गाडीत लिहू, मग लिहू, हे चालायचंच नाही. आणि स्वतःच्या जिवाच्या कागदावर तिनं न वाचता तीनदा सही ठोकली होती.

"तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात," कारकून म्हणाला. "मुदतीच्या आत तक्रार तुमच्या शब्दांत नोंदवा. नोंदली की दुरुस्ती मुदतीनंतर झाली तरी जबाबदारी त्यांची. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. मग तो कागद घेऊन ग्राहक न्यायालयात जाता येतं. टायर, ब्रेकचे गट्टू, वायपर, असलं झिजणारं सामान वॉरंटीत धरत नाहीत. इंजिनाचा दोष धरतात. मुदत काय आहे?"

"दोन वर्षं."

"पुढे वाचा."

कागदांबरोबर आणलेल्या वॉरंटीच्या पुस्तिकेत पुढं बारीक अक्षरात होतं: किंवा चाळीस हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते.

ती जिना उतरली ती धावतच. गाडीच्या मीटरवर आकडा होता एकोणचाळीस हजार आठशे त्रेपन्न.

वरून गॅलरीतून कारकून ओरडला, "आणि गाडीत बाहेरचं काही बसवलंय का?"

तिनं मागच्या सीटकडं पाहिलं. नमुने थंड ठेवायचा डबा. चार्जरच्या खाचेत वायर खुपसून वर्षभर चाललेला.

"काढा तो! सगळं त्याच्या डोक्यावर फोडतील!"

उरलेली फेरी तिनं बर्फाच्या पिशव्यांवर केली. प्रत्येक वळणाला आकडा बघायची. इतके दिवस गाडी बंद पडेल ही भीती होती. आता गाडी चालतेय याचीही भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशीची घरं तिनं मैत्रिणीला दिली आणि सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधी दारात उभी राहिली. एकोणचाळीस हजार नऊशे एकतीस.

"अरे म्याडम! या या! काय, परत टेन्शन?"

"तक्रार लिहून घ्या. चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं."

"लिहू की! आधी गाडी दाखवू दे ना तसं करून. मशीन दोष दाखवत नाही तर मी काय लिहू? आणि तुम्ही तो डबा लावता ना आत? मी मागं बघितला होता. बाहेरचं इलेक्ट्रिक सामान असलं की वॉरंटी..." त्यानं हातानं फुर्र केलं.

ती म्हणाली, "डबा कालपासून घरी आहे. त्याच्यामुळं होतंय असं म्हणणं असेल तर तसं लिहून सही करून द्या. नाहीतर बसा माझ्याशेजारी. चालवते मी."

तो हसत हसत बसला.

एसी लावून ती मुद्दाम बाजाराच्या रस्त्यावर शिरली. नऊशे चाळीस. नऊशे पन्नास. गाडी लोण्यासारखी चाललेली. सल्लागार मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता, "हां, जरा कस्टमरसोबत आहे, मानसिक समाधान करतोय." नऊशे साठ. आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी बंद पडावी म्हणून धावा करत होती, आणि धावा करता करताच घामानं भिजत होती. कारण पडली तर कुठं पडेल? नऊशे पंच्याहत्तर. उरलं काय, पंचवीस. बाजाराच्या रस्त्यानं गाडी पुरेशी तापत नव्हती. तिला माहीत होतं कुठं तापेल.

तिनं पुलाचा रस्ता धरला.

चढावर वाहनांची रांग होती. गाडी इंचाइंचानं सरकत वर गेली. पायाचा अंगठा चपलेत आखडला होता. माथ्यावर आली आणि उतार लागला. रस्ता मोकळा झाला. मागून बस. नऊशे अठ्ठ्याऐंशी.

सगळे दिवे लागले.

"म्याडम?"

इंजिन गप्प झालं.

"म्याडम! म्याडम, ब्रेक! अहो वळवा ना! आई गं!"

बसचा हॉर्न. तिनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, दोन्ही हात स्टिअरिंगवर घातले आणि खांदा लावून दगड वळवला. गाडी घासत कठड्याला लागली. बस गेली. तिच्या वाऱ्यानं गाडी डुलली. सल्लागारानं वरचं हँडल दोन्ही हातांनी पकडलं होतं आणि ते सोडायचं कसं हे तो विसरला होता.

"वेळ किती झाली?" तिनं विचारलं.

"आँ?"

"वेळ. बारा सत्तावीस. आकडा एकोणचाळीस हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. फोटो काढा. मीही काढते."

टोइंगच्या गाडीनं त्यांना ओढून आणलं. आठ किलोमीटर ओढली, पण आकडा हलला नाही; ती वाटभर ओढणाऱ्या गाडीच्या केबिनमधून मागं वाकून बघत होती. मेकॅनिकनं यंत्र जोडून गाडी जागेवरच पुन्हा तापवली आणि म्हणाला, "पेट्रोलचा पंप तापला की दम सोडतोय हो. गार झाला की पुन्हा सरळ." सल्लागारानं अर्ज पुढं ओढला आणि लिहायला घेतलं, "गाडी अधूनमधून झटके देते..."

"झटके नाही," ती म्हणाली. "चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं, स्टिअरिंग वळत नाही, ब्रेक लागत नाही. आधी तीनदा सांगितलं, त्या तिन्ही तारखा. बाहेरचं काही जोडलेलं नव्हतं. तुम्ही स्वतः गाडीत होता."

"ते शेवटचं पण लिहू?"

"ते तर पहिल्यांदा लिहा."

त्यानं लिहिलं. मॅनेजरनं वाचलं, एकदा सल्लागाराकडं पाहिलं, शिक्का मारला. पंप बदलून द्यायचा, दहा दिवस लागतील, खर्च कंपनीचा. तिनं अक्षर न् अक्षर वाचून सही केली, प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसली. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"झाली दुरुस्त?"

"नाही. लिहून घेतलं त्यांनी."

"मग आवाज असा का येतोय? रडतेस का?"

"रडत नाही रे. भीती वाटतेय. आत्ता कुठं सवड मिळालीय."

पलीकडं शाळेची घंटा वाजली. मग तो म्हणाला, "कुठं बसलीयस ते सांग. शेवटचा तास सोडून येतो."