ताईच्या संशयातलं खरं

दिवेआगरहून मीनलचा, माझ्या भाचीचा, फोन सकाळी आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. शेवटी काही बोलली का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं... सख्खी बहीण गेल्यावर पहिलं हे वाटावं, याची लाज सव्वा महिना झाला तरी जात नाही. ते का वाटलं, हे सांगितल्याशिवाय ताईविषयी काहीच खरं लिहिता येणार नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गावच्या शाळेत गणित शिकवायची आणि शाळा सुटली की सुपारीच्या वाडीत जायची. पदर खोचून पाटाचं पाणी या आळ्यातून त्या आळ्यात स्वतः वळवायची. चाळिशीत तिचं गर्भाशय काढलं, त्याबरोबर दोन्ही बीजकोशही. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, पन्नाशीपर्यंत घ्या म्हणाले. दोनेक वर्षं तिने नेमाने घेतल्या. तेवढ्यात माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण स्तनाच्या कॅन्सरने गेली आणि ती असल्याच गोळ्या घ्यायची, असं कुणीतरी म्हणालं. मी काही चौकशी केली नाही. मे महिन्यात दिवेआगरला गेले, ताईशी भांडले. ती ऐकेना, तेव्हा तिच्या खणातल्या गोळ्या काढून खताच्या खड्ड्यात टाकल्या. दिवसभर ती वाडीत पाणी वळवत राहिली. मग म्हणाली, "तुला एवढी भीती वाटते तर राहू दे." पुन्हा तिने त्या आणल्या नाहीत. गोष्ट आमच्या दोघींतच राहिली.

पासष्टीनंतर एकदा ती पाटाशी उभी राहिली आणि पाणी कुठे वळवायचं तेच तिला आठवेना. अलिबागच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून सांगितलं, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात, लहान लहान झटके येऊन गेलेत. जिना उतरावा तशी ती उतरत गेली. काही महिने एकाच पायरीवर, मग एकदम खाली. मी डॉक्टरांना एकटी गाठून त्या गोळ्यांचं विचारलं, त्या कुणी बंद केल्या ते न सांगता. ते म्हणाले, बीजकोश लवकर काढले आणि हार्मोन भरून दिलं नाही तर धोका वाढतो असं दिसतं. पण यांचं ब्लडप्रेशरही कित्येक वर्षं वाढलेलं होतं, एका बाईपुरतं नेमकं कशामुळे झालं ते कुणी सांगू शकणार नाही. मला ते पटेना. गोळ्या मीच बंद केल्या हे डॉक्टरांनी ओळखलंय, म्हणून सांभाळून बोलतायत, असं वाटत राहिलं.

मग ताईला संशय येऊ लागले. शेजारणीने नारळ नेले, मीनलने बांगड्या लपवल्या. बांगड्या तिच्याच उशीच्या अभ्र्यात सापडायच्या. माझ्या हातचं मात्र ती पाणीही घेईना. मीनलसमोर माझ्याकडे बोट करून म्हणायची, "हिने माझ्या गोळ्या फेकल्या." मीनल मला स्वयंपाकघरात नेऊन समजवायची, मनाला लावून घेऊ नकोस, तिचा आजार बोलतोय. मी मान डोलवायची... ताईला त्यातलं किती कळत होतं, हा संशय मला अजून सोडत नाही.

तेराव्यानंतर मीनल पडवीत भाजी निवडत होती. सहज बोलली की तिचंही गर्भाशय काढायचं ठरतंय, बीजकोश ठेवायचे की काढायचे हे डॉक्टर विचारतायत. तिचं वय बेचाळीस. तुला काय वाटतं, म्हणाली. मी म्हटलं, मला विचारू नकोस. दोन डॉक्टरांना विचार, आणि गोळ्या दिल्या तर कुणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून बंद करू नकोस. कुणाच्या सांगण्यावरून, तिने विचारलं. तेव्हा मी खताच्या खड्ड्याचं सांगितलं.

"म्हणजे आई खरं बोलत होती," ती म्हणाली.

ती रागावली नाही, रडलीही नाही. भाजी तशीच ठेवून ताईच्या खोलीत गेली. खाटेवर धुतलेली चादर घातलेली होती. भरवायला बसायची तशी मीनल खाटेच्या कडेला बसली, चादरीची सुरकुती हाताने सारखी केली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, खरं होतं गं तुझं."

मी दारात उभी होते. आत जायचं धाडस झालं नाही...