शेवटचा फर्मा शिवायचा नाही

आमच्या नातीला घरात सगळे सरळसोट म्हणतात. डॉक्टरांनी लहानपणीच स्वमग्न असा शब्द दिला होता, पण चालला आमचाच. पाहुण्यांनी कौतुकानं "ओळखलंस का मला?" विचारलं, की ती "नाही" म्हणते आणि पुस्तकात डोकं घालते. हे मला उभ्या हयातीत जमलं नाही.

ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे शिवते. फर्मा म्हणजे छापलेल्या सोळा पानांची घडी. अशा घड्या एकीला एक शिवल्या की पुस्तक होतं. कानांवर जाड हेडफोन, मान खाली, टाका सरळ. जेवणाच्या सुट्टीत तिनं एक प्रेमकथा लिहिली, पोट धरून हसवणारी. नायिका तिच्यासारखीच. पहिल्या भेटीत नायकाला सांगते, तुमचा शर्ट डोळ्यांना टोचतो. आणि तो गडी दुसऱ्या दिवशी साध्या शर्टात हजर. एका प्रकाशकानं ती घेतली. मी गल्लीभर सांगत सुटलो.

पण प्रकाशकसाहेबांनी परस्पर शेवट बदलला. नायिका बरी होते, डोळ्यांत डोळे घालते, गजबजलेल्या हॉलमध्ये नाचते. आणि अक्कल बघा, फर्मे बांधायला पाठवले ते नेमके तिच्याच टेबलावर.

पुढचं मला तिच्या शेजारी बसून शिवणाऱ्या मावशींनी साग्रसंगीत ऐकवलं. शेवटचा फर्मा वाचून तिनं सुई खाली ठेवली. कारखान्याच्या मालकांनी आधी गोंजारलं, मग नोकरी जाईल म्हणाले. तेव्हा मावशींनीही आपली सुई रिळात खोचली. बघता बघता सगळं टेबल थांबलं, आणि प्रकाशकांना स्वतः यावं लागलं. वाचकाला गोड शेवट लागतो, ते म्हणाले. नायिका बरी झाली तर बिघडलं कुठे?

"ती आजारी नव्हतीच," नात म्हणाली. "आणि शेवट गोडच होता. पंख्याचा आवाज तिला सोसत नाही म्हणून तो पंखा बंद करून घामाघूम बसतो."

"निदान एकदा त्याच्याकडे बघू दे गं तिला."

"मीही तुमच्याकडे बघत नाहीये, साहेब. पण तुमचा एक शब्द सोडलेला नाही. पुस्तक माझ्या शेवटानं निघेल, नाहीतर निघणार नाही."

साहेब तणतणत गेले. पुस्तक बुडालं तरी तिची तयारी होती. माझी नव्हती; मी गल्लीभर सांगून बसलो होतो. टेबल मात्र हललं नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात नवा फर्मा आला, तिच्या शब्दांचा. तिनं तो काना-मात्रेसकट तपासला, मगच सुई उचलली.

मावशी मात्र शिवायचं सोडून वाचतच बसल्या. "असा नवरा कुठे मिळतो गं?"

"मिळत नव्हता," ती म्हणाली, "म्हणून लिहिला."