खंडित

आर्टिस्ट नमस्काराला उत्तर देत नसे. समोरच्याने हात जोडले की तो त्या हातांकडे बघे आणि म्हणे, "अंगठे आखूड हायत तुमचे." हॉटेलचे वेटर त्याला आर्टिस्टसाब म्हणत, तेही फक्त तोंडावर. माघारी जे म्हणत ते छापण्यासारखं नव्हतं.

हे हॉटेल होतं बीदर शहराबाहेर, हैदराबाद रस्त्याला. मालकांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी हैदराबादच्या एका बड्या हॉटेलच्या बागेत आधुनिक शिल्पं पाहिली आणि आपल्या लॉनवरही मांडायला सुरुवात केली. फायबरचा एक प्रचंड हात आला. जुन्या औतांच्या लोखंडाचा बैल आला. तिसरं शिल्प जांभ्या दगडात करायला आळंदहून आर्टिस्ट आला आणि पावसाळाभर मागच्या शेडमध्ये राहिला. मी तेव्हा बीदरला वार्ताहर होतो. संध्याकाळचा चहा त्याच लॉनवर होई.

दुसऱ्याच्या कामाबद्दल त्याला दयामाया नव्हती. फायबरच्या हाताला तो फुगवलेला हातमोजा म्हणे. बैलाबद्दल म्हणे, "भंगारवाल्यानं घेतला न्हाई, म्हणून हितं आला." एकदा कुणा पाहुण्याने बैलाच्या शिंगावर ओला टॉवेल वाळत घातला. वेटर म्हणाला, "आता तरी कामाला आला की बैल, आर्टिस्टसाब." त्याने टॉवेल काढला, त्याला आपले चिखलाचे बूट पुसले आणि पाहुण्याच्या खुर्चीवर नीट घडी करून ठेवला. "बैल वाईट हाय," तो म्हणाला, "पर खुंटी न्हाई."

त्याचं स्वतःचं शिल्प म्हणजे उभी बाई. कमरेला खोचलेला पदर, पोटऱ्या ताठ, दोन्ही हात वर. मानेपर्यंत सगळं होतं. त्यावर दगड सपाट कापलेला. अप्पांनी विचारलं,

"डोकं कामून न्हाई?"

"माझी आई हाय ती. बिगारी काम केली जल्मभर. तिच्या डोक्यावर कायम घमेलं. तुमी बांधकामावर उभे ऱ्हायलाव की अप्पा, एकीचं तरी तोंड आठवतंय का?"

अप्पांनी वाद घातला नाही. सिमेंटचा चौथरा बांधून बाई उभी केली. आर्टिस्टने जाताना माळ्याला बजावलं की हिला हार घालायचा नाही, कुंकू लावायचं नाही. तो बौद्ध कुटुंबातला. पूजा, नारळ हे त्याच्या घरात आजोबांच्या वेळेपासून बंद. दिवाळीनंतर आईला घेऊन येतो, असं तो अप्पांना सांगून गेला. आईने मुलाचं एकही काम पाहिलेलं नव्हतं. आईला घेऊन येतो, हे त्याच्या तोंडून ऐकलेलं एकच वाक्य ज्यात कुणाचा अपमान नव्हता.

दिवाळी झाली आणि लग्नसराई लागली. लॉनवर मांडव पडला. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी नवरीचे आजोबा मांडव बघायला आले आणि बाईसमोर थांबले. खंडित मूर्ती दारात ठेवून तुम्ही अक्षता टाकायला सांगता का, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी समजावलं की मूर्ती नव्हे, कलाकृती आहे. आजोबा म्हणाले, "कलाकृतीला हात-पाय असतेत, मग डोकं बी असतंय." वऱ्हाड परत जाण्याची भाषा झाली. अप्पा बदमाश नव्हते. खंडित मूर्तीचं जे करतात ते त्यांनी केलं. गुरुजी बोलावले, नारळ फोडला, बाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायला लावलं. चढवताना दोर निसटला. दोन्ही हात खांद्यातून गेले आणि धड कमरेत तुटलं. खंडित म्हणून काढलेली बाई काढताना खंडित झाली. जवळच्या कमठाणा गावाच्या बाजूला जांभ्याची जुनी, पाण्याने भरलेली खाण आहे. तुकडे तिथे सोडले.

आर्टिस्टला हे फोनवर कुणी सांगितलं नाही. तो आठवड्याने आला, आईला घेऊन.

मी लॉनवर होतो. चौथरा रिकामा होता. अप्पा लगबगीने आले आणि सगळं त्यांनीच सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाले, "मानानं विसर्जन केलोय. नारळ फोडून."

"बाई माझी, नारळ तुमचा," आर्टिस्ट म्हणाला. "कुणाला इचारलाव?"

"दुसरी करा की. डोक्यासकट करा, लागंल ते देतो."

"डोकं तुमचं लावतो."

वेटर हसले नाहीत. एवढ्यात म्हातारी पुढे झाली. बुटकी, रुंद हाडाची बाई. मान किंचित खांद्यात गेलेली. तिने चौथऱ्यावर हात फिरवला.

"हितं उभी केलतास व्हय मला?"

"व्हय."

गुडघे दुखत होते म्हणून ती चौथऱ्यावरच टेकली. अप्पा म्हणाले, "अक्का, खुर्ची आणतो." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हितं वारं लागायलंय." मांडवाचे वासे, मोठा हात, बैल असं सगळं तिने सावकाश पाहून घेतलं. मग मुलाकडे वळली.

"तोंड केलतास का रं माझं?"

"न्हाई, आई."

"बरं केलास," ती म्हणाली. "वळखलं असतं कुणीतरी."

आर्टिस्टने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत होतो. इतक्या दिवसांत त्याने कुणालाही मोकळं सोडलं नव्हतं. पण वाकून त्याने आईच्या घसरलेल्या चपला तिच्या पायांजवळ सरळ केल्या आणि तिला हात दिला. अप्पांनी गाडी काढायला सांगितलं. ती दोघं तोवर फाटकाबाहेर पडली होती, बसस्टँडच्या दिशेने, ती पुढे, तो तिच्या मागे.

त्यानंतर त्याने बीदरमध्ये काम घेतलं नाही. हैदराबादला कुठेतरी शिकवतो असं कळतं. विद्यार्थी त्याला घाबरतात म्हणे, आणि कुणी बाईचं शिल्प चेहरा न करता संपवलं तर तो आधी एकच विचारतो: "तिला इचारलास का?"