पाठीवरचं भेकर

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या बोटीत ते माझ्या शेजारी बसले होते. सत्तरीपुढचे, म्हसळ्याकडच्या कुठल्याशा गावचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. तांदळाचं पोतं त्यांनी खांद्यावरून इतकं अलगद उतरवलं की मी तसं बोलून दाखवलं.

"सवय हाय," ते हसले.

तरुणपणी गावाची शिकार झाली की जनावर रानातून खाली आणायचं काम त्यांचं. "परतेक घराला वाटा जायचा. जो रानात आला न्हाय, त्यालाबी. आता बंदी हाय, बरंच हाय. पण काय दिवस होते!"

एकदा भेकराचे पाय बांधून, ते पाठीवर टाकून हे एकटेच पुढे निघाले. ओढ्यापाशी पाठीला धडधड जाणवली. गोळी नुसती चाटून गेली होती. त्यांनी गुडघे टेकून भेकर खाली ठेवलं, दोरी सोडली. थोड्या वेळानं ते उठलं आणि झाडीत गेलं.

गावात कुणाचाच विश्वास बसला नाही. "वाटेत इकलंस म्हणाले. परत मला शिकारीला न्हाय नेलं."

"आणि घरी?" मी विचारलं.

"बायकोनं वाटण वाटून ठेवलं होतं. माझ्या तोंडाकडं बघितलं, इचारलं काय न्हाय. त्याच वाटणात बटाटे टाकले."

धक्का जवळ आला तसं त्यांनी पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं.

"ती गेली आता. तसं कालवण परत कुटं खाल्लं न्हाय."