धरणाखालची वस्ती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतोय — आजच का, ते माझं मलाही ठाऊक नाही.

मी ॲडलेडला राहतो, मॉसन लेक्सला. इथल्याच युनिव्हर्सिटीत सिव्हिल केलं, मग जुनी धरणं सांभाळणाऱ्या एका ऑफिसात चिकटलो. त्यातलं एक धरण बांधणारा इंजिनिअर दीडेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आला होता. आधी रस्ते आखले, मग धरण बांधलं, त्या पाण्याच्या जोरावर निवडून आला, मंत्री झाला. त्याच्या आयुष्याची माहिती देणारी पाटी धरणावर लावायची होती. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

त्या कामात आंटी रूथ भेटली. इथल्या मूळ लोकांतली, सत्तरी ओलांडलेली. तिला सगळेच आंटी म्हणायचे. तिच्या पणजीची वस्ती त्या खोऱ्यात होती. इंजिनिअरने पोलीस आणून ती उठवली — घरं, झरा, पुरलेली माणसं, सगळं पाण्याखाली गेलं.

"एक वाक्य लिही, बस," ती म्हणाली.

लिहीन म्हणालो. का नाही म्हणणार? माझ्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते — हे मीच तिला सांगितलं होतं. ती माझा हात धरून ऐकत बसली होती.

आणि पुरावाही सापडला. त्याचंच विधिमंडळातलं भाषण. ती माणसं आपण हलवली, हे त्याने अभिमानाने सांगितलेलं.

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "मेट, या वस्तीच्या गोष्टीला काही आधार?" भाषणाची प्रत माझ्या बॅगेत होती. सगळे माझ्याकडे बघत होते — रागाने नव्हे, आपलेपणाने.

"नाही," मी म्हणालो. "ऐकीव आहे."

नोकरी जाणार होती? नाही. कुणी दम दिला? तोही नाही. त्या टेबलावर मला त्यांच्यातलाच एक राहायचं होतं — एवढंच.

आंटीला सांगितलं, मी खूप भांडलो, वरच्यांनी ऐकलं नाही. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा हलकट.

पाटी लागली त्या दिवशी ती आली. सगळी वाचली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नकोस, बाळा. तू तरी आमच्या बाजूने बोललास."

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. फ्युनरलला तिच्या मुलीने सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन आभार मानले.

मी उठून उभा राहिलो, मान झुकवली — आणि ते घेतले.